छातीतला कापूस

तांब्याचे लोटे सतरा होते. चटया सहा. कापराचा एक डबा, विड्याच्या पानांची एक टोपली, प्रसादाच्या गुळाच्या तीन ढेपा, आणि कोपऱ्यात रॉकेलच्या स्टोव्हवर वाफाळणारा पाण्याचा एक पितळी हंडा. पंखे चार, त्यातले फिरणारे दोन. माणसं मोजायचा नलूनं दोनदा प्रयत्न केला. एकदा ती एकशे ऐंशीपर्यंत पोचली, एकदा दोनशे दहापर्यंत. माणसं एका जागी बसतच नव्हती. प्रत्येकाला पुढे सरकायचं होतं.

लालबागच्या एका बंद गिरणीमागची ही व्यायामशाळा. गुरुवारी संध्याकाळी इथे जोर-बैठका बंद असत. मल्लखांबाला भगवं कापड गुंडाळलेलं असे आणि त्याच्यापुढच्या गादीवर सूतनाथ महाराज बसत.

भीती वाटली की नलू मोजायला लागायची. लहानपणापासूनची सवय होती ती. आज तिला फार भीती वाटत होती, कारण सहाव्या चटईवर उघड्या छातीनं उताणा पडलेला माणूस तिचा बाप धर्मा होता.

"डॉक्टर काय म्हणतो?" महाराजांनी माईक तोंडाशी ओढला. "ब्लॉकेज!"

"ब्लॉकेज!" गर्दी म्हणाली.

"इंग्रजीत ब्लॉकेज. आपल्या भाषेत बोळा. कशाचा बोळा? बोला ना, लाजता काय? वीस-वीस वर्षं खात्यात काय गिळलंत? श्रीखंड?"

हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "कापूस!"

"कापूस! गिरणी गेली, मालक गेला, युनियन गेली, संपाला बावीस वर्षं झाली. कापूस कुठे गेला? हा इथे बसलाय!" महाराजांनी स्वतःच्या छातीवर थाप मारली. "आणि डॉक्टर काय करतो? तार घालतो. अरे, मोरी तुंबली की तार घालतात! तुझं काळीज काय मोरी आहे?"

"नाही, महाराज!"

"मग लोटा लाव."

महाराजांच्या चेल्यानं धर्माच्या छातीवर विड्याचं पान ठेवलं, पानावर कापराची वडी पेटवली आणि वर लोटा उपडा टेकवला. क्षणात आतली ज्योत विझली आणि लोट्यानं छाती धरली. चेल्यानं लोटा वर ओढून दाखवला, तर धर्माची कातडीही त्याच्याबरोबर वर उचलली गेली. बायकांनी हात जोडले. मग लोट्याभोवती जाड पंचा गुंडाळून चेल्यानं हंड्यातलं गरम 'गंगाजल' लोट्याच्या बुडावर बारीक धारेनं सोडलं. महाराज डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. धार संपत आली तसा लोटा आपणहून ढिला झाला.

"सोडलं!" महाराज गरजले. "त्याला सोडलं!"

चेल्यानं लोटा उचलला. पानावर सुपारीएवढा एक बोळा पडला होता. ओला, काळपट तपकिरी, चिकट. चेल्यानं चिमटीनं त्याचं टोक ओढलं, तसे त्यातून तंतू निघाले.

कापूसच होता.

धर्मा उठून बसला. त्यानं बोळ्याकडे पाहिलं आणि तो रडायला लागला. संप फसला तेव्हाही तो रडला नव्हता, असं आई सांगायची. तेव्हा नलू पाळण्यात होती.

एवढ्यात शामराव माईकपाशी आले. धर्माच्याच गिरणीतले जुने कामगार. त्यांच्या हातात एक सीडी होती, ती त्यांनी आरती ओवाळावी तशी गर्दीपुढून फिरवली. "एंजिओग्राफी! महाराजांनी लोटा लावल्यावर काढली. डॉक्टरनं लिहून दिलंय, नॉर्मल. एकदम क्लीन!"

निघताना महाराजांनी धर्माला दोन गोष्टी बजावल्या. गोळ्या बंद, कारण गोळीनं कापूस पुन्हा धरतो. आणि हा बोळा डब्यात बंद करून ठेवायचा, अमावास्येला ओहोटीच्या पाण्यात सोडायचा. त्याआधी कुणी डबा उघडला, तर बोळा जिथून आला तिथे परत जाईल.

*

धर्मा वरळी कोळीवाड्यातला. त्याचे दोन्ही भाऊ होडीवर गेले, हा एकटा गिरणीत. सतरा वर्षं तो कार्डिंग खात्यात होता, जिथे कापूस पिंजून त्याचे पेळू होतात आणि हवेत इतके तंतू उडतात की पाळी संपेपर्यंत भुवया पांढऱ्या होतात. पाळी सुटली की मुकादम प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गुळानं छातीतला कापूस खाली उतरतो, असं खात्यातला जो तो मानत होता. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी खोकला जास्त यायचा. डॉक्टरही म्हणायचे, छातीत कापूस बसलाय. ते फुप्फुसाबद्दल बोलत होते. पण छाती ती छाती. इतक्या वर्षांनी कुणी 'छातीतली नळी तुंबली' म्हटलं, तर ती कशानं तुंबली हे धर्माला विचारावं लागलं नाही.

नलू भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झालेली. परळच्या एका हॉस्पिटलात ती कॅथलॅबमध्ये तंत्रज्ञ होती. हृदयाच्या नळ्यांमध्ये औषध सोडून त्यांचे फोटो काढतात, ती ही खोली. घरात तिच्या शब्दाला वजन होतं, पण ते फ्रीज बिघडला तर. काळजाचं म्हटलं की धर्माला महाराज जवळचे वाटत.

महिन्यापूर्वी बायकोच्या, म्हणजे तुळसाच्या, मासळीसाठी बर्फाची पाटी उचलताना धर्माच्या छातीत कळ आली. ईसीजी थोडा बिघडलेला निघाला. फोटो काढायला तो तयार नव्हता. लोटा लावल्यावर मात्र स्वतःच म्हणाला, "आता काढ गो बाय तुजा फोटो. शामरावाचा आला तसाच येनार."

आणि जवळपास तसाच आला.

पडद्यावर औषध काळ्या रेघेसारखं पुढच्या मोठ्या नळीतून वाहत गेलं. रेघ गुळगुळीत होती. एकाच ठिकाणी ती जराशी अरुंद झाली होती, तीस टक्के. नलूनं आनंद मानायचा प्रयत्न केला, पण तिचे डोळे त्याच जागेवर परत परत जात होते. आरशावर श्वास सोडावा तसं तिथे काहीतरी धूसर होतं.

डॉक्टर विजयकरांनाही ते दिसलं. मूळचे ठाकूरद्वारचे, शांत बोलणारे, चिडले की आणखी शांत होणारे. "नलू, आयव्हस घेऊ या," ते म्हणाले.

धर्मा टेबलावर जागा होता. "किती टक्के?"

"तीस. पण धर्माजी, मला ती नळी आतून बघायची आहे. पाच-दहा मिनिटं."

"तीस म्हंजे क्लीन ना?"

"तीस म्हणजे तीस. उरलेलं अजून मला माहीत नाही."

"आता आत काय घालायचं नाय. मोरी हाय काय ती?" धर्मा म्हणाला. "काढा तुमची नळी."

टेबलावरच्या शुद्धीतल्या माणसानं नको म्हटलं की नको. डॉक्टरांनी नळी काढली, गोळ्या लिहून दिल्या आणि नलूला बाजूला घेऊन सांगितलं, "या गोळ्या चुकवू देऊ नकोस. आणि त्यांना घेऊन ये. लवकर."

त्याच संध्याकाळी कोळीवाड्यात पेढे वाटले गेले. धर्माचा खात्यातला दोस्त उत्तम घरोघर सांगत फिरला, "दुसरी एंजिओग्राफी क्लीन! नंबर दोन!" आणि धर्मानं धक्क्यावर उभं राहून गोळ्यांची पाकिटं समुद्रात भिरकावली.

नलूच्या मनात आलं, खरंच असेल तर? तिला स्वतःची लाज वाटली, पण प्रश्न तिनं टाकून दिला नाही, नीट तपासला. लोट्यानंतरचा फोटो स्वच्छ आहे. लोट्याआधीचा? आधीचा फोटो नव्हताच. शामरावांनीही आधी काढला नव्हता. मग लोट्यानं काय बदललं, हे कोण सांगणार? फार तर एवढंच म्हणता येईल, की फोटो आत्ता असा आहे. आणि त्या फोटोतला एक भाग धूसर आहे.

*

पुढच्या मंगळवारी लालबागच्या चिवडा गल्लीत शामराव चालता चालता खाली बसले आणि उठलेच नाहीत. हॉस्पिटलात पोचण्याआधीच संपले. हृदयविकाराचा झटका, डॉक्टर म्हणाले. ती क्लीन सीडी त्यांच्या घरात देवांशेजारी होती.

नलूला वाटलं, आता तरी लोकांचे डोळे उघडतील. उत्तम धापा टाकत घरी आला तो वेगळीच बातमी घेऊन.

"गुरुवारी चिंबोरी खाल्ली म्हणे!"

"कुणी?" तुळसा मासळीच्या पाटीवरून न उठता म्हणाली.

"शामरावनी. महाराज सोता बोलले. पथ्य मोडलं, कापूस परत धरला."

"आणि महाराजांना कुणी सांगितलं चिंबोरीचं? चिंबोरीनं?"

"वयनी, मस्करीची वेळ हाय काय?"

धर्माचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानं त्या दिवसापासून मासे सोडले. कोळ्याच्या घरात, ताटात फक्त भात आणि आमटी. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी दुसरा लोटा लावायचं त्यानं ठरवून टाकलं. तो हळू चालायला लागला. चार पायऱ्या चढला की दाराला धरून उभा राही, आणि कुणी बघतंय असं दिसलं की खांद्यावरच्या टॉवेलनं मान पुसल्यासारखं करी. नलू बघत असे. कामावर असताना घरून फोन आला की उचलण्याआधी ती घंटा मोजायची.

गोळ्या तिनं पुन्हा आणल्या. त्यानं घेतल्या नाहीत. आमटीत कुटून घालाव्यात असंही एकदा तिच्या मनात आलं. पण चोरून औषध देणारी मुलगी आणि कुठूनतरी लपवून बोळा आणणारा महाराज, यांत मग फरक काय राहिला?

शनिवारी सकाळी ती चहा ठेवत होती. भिंतीवरून मुंग्यांची एक ओळ वर चालली होती. मोरीतून निघून, सुक्या बोंबलांच्या टोपलीला वळसा घालून, देवाच्या फळीवर. फळीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. महाराजांनी बजावलेला. मुंग्या झाकणाच्या फटीतून आत जात होत्या आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर येत होत्या.

नलू डब्यापुढे उभी राहिली. तिला माहीत होतं की बोळा उडून छातीत जात नसतो. तरी तिचा हात झाकणावर थबकला. कारण समजा तिनं डबा उघडला आणि त्याच दिवशी अण्णांना काही झालं, तर? सारा कोळीवाडा म्हणेल, पोरीनं बापाला मारलं. आणि अण्णा तर जाता जाता तेच मानून जातील. महाराजांची ताकद लोट्यात नव्हतीच. ती या झाकणात होती.

तिनं उघडलं.

बोळा मुंग्यांनी काळा झाला होता. तिनं तो फुंकर मारून साफ केला, नाकाशी नेला. क्षणभर तिला कळेना, हा वास कुठला. मग कळलं. दिवाळीतला. चुलीवर पाक चढतो तेव्हाचा.

वाटीत गरम पाणी घेऊन तिनं बोळा त्यात सोडला. पाणी चहासारखं झालं. दोन पाणी बदलल्यावर वाटीत उरला पांढराशुभ्र, लांब धाग्याचा कापूस. औषधाच्या दुकानात निळ्या कागदात गुंडाळून मिळतो तो.

तुळसा मागे येऊन उभी होती. "उघडलास?"

"आई, छातीतून काढलेल्या कापसाला मुंग्या लागतात?"

तुळसानं वाटीत बोट बुडवलं आणि चाटलं. नलू ओरडेपर्यंत उशीर झाला होता.

"गूळ," तुळसा म्हणाली. "आणि तोपन भेसळीचा."

*

रविवारी दुपारी तुळसानं अंगणात चटई घातली आणि हाळी दिली. "या गो सगळ्या! मलापन लोटा लावायचाय!"

आठ-दहा बायका, तेवढेच पुरुष जमले. उत्तम आला. धर्माला दारात खुर्ची टाकून दिली होती.

"कोन लावनार?" उत्तमनं विचारलं.

"माजी पोर."

"तिला मंत्र येतो?"

"बी.एस्सी. हाय ती. येत असंल."

तुळसा आडवी झाली. पोटावर पान, पानावर कापूर. "वयनी, काळजावर लावतात," उत्तमनं आठवण केली.

"काळीज काय, पोट काय, लोट्याला कुठं समजतंय? लाव गो."

नलूनं कापूर पेटवला, लोटा उपडा घातला. ज्योत विझली, लोट्यानं पोट धरलं. बायका पुढे सरकल्या. नलूनं पंचा गुंडाळला, किटलीतलं गरम पाणी लोट्याच्या बुडावर सोडलं. आईची तिला काळजी नव्हती. दारातल्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा श्वास तिला ऐकू येत होता. लोटा सैल झाला. तिनं तो उचलला.

पानावर एक चिकट, चकाकणारा गोळा पडला होता. नलूनं तो बशीत घेऊन सगळ्यांपुढे फिरवला. त्यात कापसाचा एक तंतू नव्हता. रावसाचे खवले होते. रुपेरी, नखाएवढे.

"आई आई गं!" एक बाई किंचाळली.

"किंचाळतेस काय?" तुळसा उठून बसत म्हणाली. "एवढी वर्षं मासळी इकते मी. महाराजांच्या हिशोबानं माज्या पोटात दुसरं काय गावनार?"

कोण आधी हसलं कळलं नाही. हसू अंगणभर झालं. उत्तम तेवढा हसला नाही. तो बशीकडे बघत होता.

नलूनं लोटा उताणा करून त्याच्या हातात दिला. "काका, आत बोट घाला. बुडाला."

उत्तमचं बोट चिकट होऊन बाहेर आलं.

"मऊ गुळानं खवले मी बुडाला आधीच चिकटवले होते," नलू म्हणाली. "कापूर पेटला की लोट्यातली हवा तापते, फुगते. ज्योत विझली की ती थंड होते, आकसते, म्हणून कातडी आत ओढली जाते. आजीसुद्धा बेंबी सरकली की असाच लोटा लावायची, त्यात नवल काही नाही. नवल आहे ते गरम पाण्यात. पाण्यानं बूड तापलं की गूळ वितळतो आणि चिकटवलेलं खाली पडतं. आतली हवाही पुन्हा तापते आणि लोटा सुटतो. एकाच पाण्यात दोन्ही कामं. महाराज 'सोडलं' म्हणून ओरडतात ते तेव्हा. आणि गुळाचा वास आला तर? प्रसाद आहेच."

मग तिनं लोणच्याची काचेची बरणी आणली. तीच कृती, पाणी तेवढं कोमट. पोट आत ओढलं गेलेलं सगळ्यांना आरपार दिसत होतं. बरणी धरली, बरणी सुटली. पानावर काहीच पडलं नाही.

"कुणावर श्रद्धा ठेवायची ते तुमचं तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "पण कुणी तुमच्या अंगातून काही काढून दाखवायला लागला, तर आधी म्हणा, भांडं उताणं करून दाखव. कुणी बरा झाला म्हणून सांगितलं, तर म्हणा, आधीचा फोटो आण, नंतरचा आण, शेजारी शेजारी ठेव. एवढं विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो माणूस. आणि जो गोळी बंद करायला सांगेल, त्याच्यापुढून उठून चालायला लागा. शामराव उठले नाहीत."

उत्तमनं बरणी उचलली आणि काखेत मारली.

"कुठं चाललास?" तुळसानं विचारलं.

"ठेवतो माज्याकडं. गुरुवारी व्यायामशाळेत न्यायचीय."

त्यानं ती खरंच नेली. 'महाराज, आज काचेत काढा,' म्हणाला. काच अशुद्ध असते, काचेत शक्ती फुटते, असं उत्तर मिळालं. मग लोटे आधी उताणे करून दाखवा, तो म्हणाला. चेले अंगावर आले तोवर मागच्या माणसांनी लोटे उचललेही होते. जो तो आत बोट घालून चाटत होता. सतराच्या सतरा लोट्यांच्या बुडाशी बोळे तयार होते. महाराज मल्लखांबामागच्या दारानं गेले ते पुन्हा लालबागला दिसले नाहीत.

पण ही गुरुवारची गोष्ट. रविवारी अंगण रिकामं झालं तेव्हा धर्मा अजून खुर्चीतच होता.

"कापूस खोटा," तो म्हणाला. "मानलं. मला शेंडी लावली. पन फोटो? फोटो तर तुज्या मशीननं काढला. तीस टक्के तुज्याच डॉक्टरनं सांगितलं."

नलूला याच प्रश्नाची भीती होती. महाराजांचा लोटा उताणा करता येत होता. हा फोटो खरा होता.

ती त्याच्यापुढे जमिनीवर बसली. "अण्णा, मोठ्या काकांच्या बोटीवर फिश फाइंडर आहे ना?"

"हाय. मंग?"

"पाणी वरून सपाट दिसतंय, तर काका तो कशाला लावतात?"

"येडी हाय काय? वरून पानी बगून खडक कळतो काय? तो खाली आवाज सोडतो. आवाज आपटून माघारी येतो तवा समजतं, चिखल हाय की खडक."

"आमचा फोटो म्हणजे वरून बघितलेलं पाणी. रक्ताची वाट किती रुंद आहे, एवढंच त्यात दिसतं. नळीच्या भिंतीत काय साठलंय ते दिसत नाही. चरबी साठायला लागली की नळी बाहेरच्या बाजूला फुगते. आतली वाट बराच काळ तेवढीच राहते. फोटो स्वच्छ येतो. भिंतीत मऊ चरबीचा गोळा असतो आणि त्याच्यावर पातळ साय असते. साय फाटली की तिथे रक्त गोठतं आणि वाट एकदम बंद होते. शामरावांचं तसं झालं असेल. नक्की मला माहीत नाही, कारण कुणी आतून बघितलंच नाही."

"आनि ते डॉक्टर आत घालनार होते ते?"

"फिश फाइंडरच. उदबत्तीच्या काडीहून बारीक. नळीत जाऊन चहूकडे आवाज सोडतो, माघारी आलेला ऐकतो. आयव्हस म्हणतात त्याला. कापूस कधी तिथे जातच नाही, अण्णा. जी चरबी तिथे असेल ती मलाही अजून दिसलेली नाही. मी खोटं सांगत नाही. कदाचित काहीच नसेल. पण तुम्ही जिना चढून दाराला धरता ते मी बघते."

धर्मानं उठायला हात पुढे केला. तिनं तो धरला. हात थंड होता आणि ओला.

"दुखतंय?"

"सकाळपासून," तो म्हणाला. "तुजी गंमत मोडायची नव्हती. चल."

*

टॅक्सीत पुढे उत्तम, मागे धर्मा आणि दोन्ही बाजूंना मायलेकी. टॅक्सी परळच्या हॉस्पिटलाकडे निघाली. नलूनं वाटेतच बापाला ॲस्पिरिनची गोळी चावायला लावली, आणि या वेळी त्यानं ती चावली. ईसीजी आधीपेक्षा बिघडला होता. डॉक्टर विजयकर घरून आले, शर्टाची बटणं लावत.

"तू बाहेर थांबतेस?" त्यांनी नलूला विचारलं.

"नाही, सर. यंत्र मला येतं."

औषध सोडलं. तीच गुळगुळीत काळी रेघ, तेच तीस टक्के, तोच धूसर भाग. मग डॉक्टरांनी बारीक तारेवरून आयव्हसची नळी त्या जागेच्या पुढे नेली, आणि मोटरनं ती हळूहळू मागे खेचायला सुरुवात केली.

पडद्यावर गोल चित्र उमटलं. झाडाचा बुंधा आडवा कापावा तशी कडी. मधला काळा गोल म्हणजे रक्ताची वाट. सुरुवातीला त्याच्याभोवतीची भिंत बारीक होती. नळी मागे येत गेली तशी एका बाजूनं भिंत जाड व्हायला लागली आणि बाहेर फुगली. चंद्रकोरीसारखा काळपट, मऊ भाग. त्याच्यावर एक बारीक पांढरी रेघ. आणि एका कोपऱ्यात ती रेघ तुटलेली. तुटलेल्या जागेतून रक्ताची वाट आतल्या छोट्या खळग्यात शिरली होती, आणि खळग्याच्या तोंडाशी काहीतरी थरथरत होतं.

"थांबव," डॉक्टर म्हणाले. चित्र गोठलं. "हे बघ. साय फाटली आहे. गुठळी धरते आहे."

टेबलावरून धर्माचा आवाज आला. "सायेब, कापूस हाय?"

"नाही, धर्माजी. चरबी आहे. तुमच्या गोळ्यांनी कमी होते ती, एकदम नाही, वर्षानुवर्षं घेतल्यावर. पण ही जागा आता थांबणार नाही. इथे मला जाळीची नळी बसवायची आहे. बसवू?"

नलू पडद्याकडे बघत होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"तार हाय ना ती? मोरीची?"

"तारच आहे."

"घाला," धर्मा म्हणाला.

"नलू, माप घे."

तिनं बाहेरच्या कड्यावर एक वर्तुळ आखलं, आतल्या वाटेवर दुसरं. हे तिचं रोजचं काम होतं आणि रोजच्याच आवाजात तिनं वाचलं. "नळीचं पूर्ण क्षेत्रफळ अठरा पूर्णांक चार चौरस मिलिमीटर. रक्ताची वाट चार पूर्णांक सहा. भिंतीतला थर पंचाहत्तर टक्के."

डॉक्टरांनी जाळी त्या जागेवर नेली. आतला फुगा फुगवला गेला. धर्मानं एकदा दात आवळले, आणि फुगा उतरल्यावर सोडले. आयव्हसची नळी पुन्हा आत गेली, पुन्हा हळूहळू मागे आली. त्याच जागी नलूनं चित्र थांबवलं, कडेनं वर्तुळ आखलं आणि आकडा वाचला.

"रक्ताची वाट नऊ पूर्णांक दोन चौरस मिलिमीटर. आधीच्या दुप्पट."